आकडा मेंदूचा की कपाळाचा: चिंतेसाठीच्या न्यूरोफीडबॅक संचाच्या प्रकल्प नोंदी, पुणे

२ जून २०२५

जुळणीला सुरुवात. न्यूरोफीडबॅक म्हणजे मेंदूच्या लहरी मोजायच्या आणि त्या हव्या तशा झाल्या की आवाजाचं बक्षीस द्यायचं, म्हणजे माणूस ती अवस्था ओळखायला शिकावा. संचाचा गाभा म्हणजे एडीएस १२९९ चिपवरचा ८ चॅनेलचा बोर्ड. २४ बिट, सेकंदाला २५० नमुने, ४ पेन्सिल सेलवर चालणारा आणि लॅपटॉपशी रेडिओने जोडलेला. गेन (संकेत मोठा करण्याची पट) २४ ठेवला की मोजमापाची एक पायरी साधारण ०.०२२ मायक्रोव्होल्टची होते. डोक्याच्या कातडीवर मेंदूचा संकेत १० ते ५० मायक्रोव्होल्टचा असतो, त्यामुळे बारकावा भरपूर आहे. अडचण असते ती त्यात मिसळणाऱ्या बाकीच्या कचऱ्याची.

चारच चॅनेल वापरायचे. सीझेड (माथ्याचा मध्य), सी४ (त्याच्या उजवीकडे) आणि पीझेड (त्याच्या मागे) डोक्यावर, चौथा कपाळाच्या स्नायूंवर. चौथ्यावरून बराच वाद झाला. 'स्नायूंचा चॅनेल कशाला, आपल्याला मेंदू हवाय' असा एक सूर होता. मेंदू हवाय म्हणूनच तो हवा, असं ठरलं.

सामान: सोन्याचा मुलामा दिलेले कप इलेक्ट्रोड १० (लागतात ६ ते ७, पण वायर नेमकी कपाच्या मानेशी आतून तुटते आणि बाहेरून धड दिसते), वाहक पेस्ट, खरखरीत स्किन-प्रेप जेल, सर्जिकल टेप, शिंप्याची मोजपट्टी, कातडीवर उमटणारी लाल पेन्सिल. रेझिस्टर, हेडर पिना आणि हीट-श्रिंक नळी बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतून आणली. १.५ मिमीचे टचप्रूफ कनेक्टर तिथे मिळाले नाहीत, ते ऑनलाइन मागवले.

भिंतीवर चिकटवलेला नियम: डोक्याला वायर असताना लॅपटॉपला चार्जर नको. बोर्ड रेडिओवर आहे, तरीही नको. आज ना उद्या कोणीतरी घाईत बोर्ड सरळ यूएसबीला लावणार, तेव्हा सवयच उपयोगी पडेल.

५ जून

डोकं न वापरता चाचणी. सगळे इनपुट एकत्र जोडून (शॉर्ट करून) गोंगाट पाहिला. १ मायक्रोव्होल्टच्या आसपास राहिला तर बोर्ड ठीक. राहिला.

मग ठरावीक संकेत देऊन पाहिला. फोनवर टोन जनरेटर, त्यापुढे ४७० किलोओहम आणि १०० ओहम यांची विभागणी. प्रमाण साधारण ४७०० ला १. फोनच्या बाजूला १०० मिलिव्होल्ट दिले तर १०० ओहमवर २१ मायक्रोव्होल्ट मिळायला हवेत. चाचणी २० हर्ट्झवर घेतली, कारण फोनच्या हेडफोन आउटपुटमधून १० हर्ट्झ धड बाहेर पडेलच असं नाही. तिथे आकडा कमी आला की दोष उगाच बोर्डाला लागतो.

९ जून

कोणाला घ्यायचं आणि कोणाला नाही. जीएडी-७ ही चिंता मोजण्याची प्रश्नावली: ७ प्रश्न, मागच्या २ आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २१. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून तीव्र. ५ ते १४ मधलेच लोक घ्यायचे. १५ आणि वर असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ, संच नंतर. फिट येण्याचा पूर्वेतिहास, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार, भास यांपैकी काहीही असेल तर घ्यायचं नाही. थायरॉइडची तपासणी झालेली असावी. वाढलेला थायरॉइड चिंतेचं हुबेहूब सोंग घेतो, आणि त्यावर अल्फा लहरींचा (डोळे मिटून शांत बसलं की वाढणाऱ्या, ८ ते १२ हर्ट्झच्या) सराव करत बसणं म्हणजे म्हशीला ताप नि पखालीला औषध.

'औषधाविना' या शब्दाचा अर्थ संमतिपत्रात ठळक लिहिला: ज्यांचं औषध मुळात सुरू नाही त्यांच्यासाठी. चालू गोळी या सरावासाठी कमी करायची नाही की बंद करायची नाही. क्लोनाझेपामसारखी गोळी अचानक सोडली तर झटके येऊ शकतात. शिवाय या गटातल्या गोळ्या ईईजीत (मेंदूच्या लहरींच्या नोंदीत) बीटा या जलद लहरी वाढवतात, म्हणजे मोजमापाचा पायाच हलतो. अडीनडीला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक कागदावर छापला.

कागदपत्रांत 'उपचार' हा शब्द कुठेही वापरला नाही. 'सराव' वापरला.

१६ जून

जागा मोजणं. १०-२० पद्धत (डोक्यावरच्या अंतराच्या १० आणि २० टक्क्यांनी जागा ठरवणारी) १९५८ पासूनची, आणि अजून मोजपट्टीनेच चालते. नाकाच्या मुळाशी असलेल्या खळगीपासून डोक्याच्या मागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत अंतर घ्यायचं. ते ३६ सेंटिमीटर भरलं तर सीझेड पुढून १८ वर आणि पीझेड २५.२ वर. मग एका कानापुढच्या खळगीपासून दुसऱ्या कानापुढच्या खळगीपर्यंत माप घ्यायचं आणि सीझेड त्याच्याही मध्यावर येतो का ते पाहायचं. हे आडवं अंतर ३८ असेल तर सी४ सीझेडपासून उजवीकडे ७.६ वर. मागचा उंचवटा काही जणांत हाताला लागतच नाही. मान मागे टाकायला सांगितली की मान आणि कवटी यांच्या सांध्याच्या जरा वर सापडतो. अंबाडा घालून आलेल्यांना तो सोडायला लावायचा, नाहीतर मोजपट्टी अंबाड्यावरून जाते आणि पीझेड दोन सेंटिमीटर सरकतो.

संदर्भ इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत बाकीचे मोजतात तो) कानाच्या पाळीवर. कुड्या, रिंगा काढून ठेवायच्या. पाळीला मोठं भोक असेल तर क्लिप नीट बसत नाही, तिथे कानामागच्या हाडावर कप लावायचा आणि नोंदीत तसं लिहायचं, कारण पुढच्या वेळी पाळीवर लावला तर दोन दिवसांचे आकडे जुळणार नाहीत.

रोधाचं (इलेक्ट्रोड आणि कातडी यांच्यामधल्या विजेच्या अडथळ्याचं) लक्ष्य ५ किलोओहमच्या खाली. आज पहिल्या तीन डोक्यांपैकी दोन ३० च्या वर अडकली. कारण साधं: खोबरेल तेल. आदल्या रात्री चंपी झालेली. जेल कितीही घासलं तरी तेलाचा थर पेस्टला कातडीपर्यंत पोचू देत नाही. म्हणून सूचनापत्रात पहिली ओळ: दोन दिवस तेल नाही, त्या सकाळी शाम्पू, कंडिशनर नाही.

लावण्याची रीत: केस कंगव्याच्या टोकाने दोन्हीकडे सारून कातडीची रेघ उघडी करायची, कापसाच्या काडीवर मसुराएवढं जेल घेऊन ४ ते ५ वेळा घासायचं (लाल होईपर्यंत नाही), पुसायचं, कप पेस्टने काठोकाठ भरून दाबायचा, वर कापसाचा तुकडा. इलेक्ट्रोड सगळे सारखे असावेत. एकाचा रोध ३ आणि दुसऱ्याचा १५ असेल तर दोन्ही १० असण्यापेक्षा वाईट, कारण घरच्या विजेचा ५० हर्ट्झचा गोंगाट अशा तफावतीतूनच आत शिरतो.

सगळं लागलं की जर्मन डॉक्टर हान्स बर्गर यांनी १९२९ मध्ये छापलेली गोष्ट करून पाहायची: डोळे मिटा, उघडा, मिटा. मिटल्यावर पीझेडवर १० हर्ट्झच्या आसपास फुगवटा (हाच अल्फा) आला नाही, तर पुढे जायचं नाही. (काही निरोगी माणसांत तो मुळातच बारीक असतो. अशांना अल्फाच्या सरावाऐवजी सी४ वरचा सराव, तो पुढच्या नोंदीत.)

२३ जून

ही नोंद लांब होणार, कारण चूक मोलाची आहे.

सी४ वरचा सराव असा: १२ ते १५ हर्ट्झ वाढला की बक्षीस, २२ ते ३६ हर्ट्झ हा हाय बीटा ठरावीक पातळीच्या वर गेला की बक्षीस बंद. १२ ते १५ ची पट्टी अमेरिकी संशोधक बॅरी स्टर्मन यांच्या १९६० च्या दशकातल्या मांजरांवरच्या प्रयोगांतून आलेली. चिंतेत हाय बीटा चढा असतो या समजुतीवर दुसरा भाग बेतलेला.

दोन दिवस आलेख फार सुंदर आले. २५ मिनिटांत हाय बीटा हळूहळू, एका लयीत खाली. तिन्ही सहभागींमध्ये. इतकं छान दिसलं की संशय आला. स्पेक्ट्रम (कोणत्या वारंवारतेला किती जोर, याचा आलेख) उघडून पाहिला तर ३१.२ हर्ट्झवर खिळा ठोकल्यासारखी एकच उभी रेघ.

रोध मोजताना चिप इलेक्ट्रोडमधून ६ नॅनोॲम्पिअरचा ३१.२ हर्ट्झचा प्रवाह सोडते. मोजून झाल्यावर तो बंद करायचा राहिला होता. चूक आमच्या सुरुवातीच्या स्क्रिप्टची. इलेक्ट्रोडचा रोध ४ किलोओहम आणि बोर्डावरचा २.२ किलोओहम मिळून ६.२, गुणिले ६ नॅनोॲम्पिअर, म्हणजे ३७ मायक्रोव्होल्ट. खरा हाय बीटा त्यापुढे काहीच नाही. आणि पेस्ट जसजशी कातडीत मुरते तसतसा रोध उतरतो, रोध उतरला की ही रेघ उतरते. मेंदू शांत होत नव्हता, पेस्ट मुरत होती.

उपाय: सराव सुरू होण्याआधी स्क्रिप्ट स्वतः प्रवाह बंद करते आणि ३१.२ वर शेजारच्या पट्ट्यांपेक्षा उंच रेघ दिसली तर सुरूच होत नाही. दोन दिवसांच्या सगळ्या नोंदी बाद.

३० जून

उशीर मोजला. बक्षीस लगेच मिळायला हवं, नाहीतर मेंदूला कोणत्या क्षणाची पावती आहे ते कळणार कसं? पहिल्या आवृत्तीत हवी ती पट्टी वेगळी काढायला २५१ टॅपचा (२५१ नमुन्यांवर चालणारा) एफआयआर फिल्टर होता. त्याचा उशीर १२५ नमुन्यांचा, म्हणजे बरोब्बर अर्धा सेकंद. त्याजागी बटरवर्थ आयआयआर हा दुसऱ्या जातीचा फिल्टर बसवला. ४ हर्ट्झ रुंदीच्या पट्टीला पट्टीच्या मध्यावर उशीर सुमारे ११० मिलिसेकंद. पट्टी २ हर्ट्झची केली तर हाच उशीर दुप्पट. 'जितकी बारीक पट्टी तितकं नेमकं' असं वाटतं खरं, पण त्याची किंमत वेळेत मोजावी लागते.

वायरवाला हेडफोन. ब्लूटूथ हेडफोनने वरचं सगळं वाचवलेलं एका फटक्यात घालवलं.

५० हर्ट्झची खाच (विजेचा गोंगाट कापणारा फिल्टर) क्यू ३० ने, म्हणजे १.६७ हर्ट्झ रुंद. ग्रिडची वारंवारता जराशी मागेपुढे होते तेवढं त्यात मावतं. वीज गेली आणि इन्व्हर्टर सुरू झाला तेव्हा १०० वर नवीच रेघ उगवली. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरमधून १५० हर्ट्झचा भाग येतो, आणि २५० नमुन्यांच्या मोजणीत १५० दुमडून १०० वर दिसतो. १०० वरही खाच टाकली. तरी इन्व्हर्टरवर सराव नाही, वीज येईपर्यंत थांबायचं.

७ जुलै

स्नायू. चौथ्या चॅनेलचा आज उपयोग झाला.

दात आवळायला सांगितले: २० हर्ट्झपासून वर सगळं एकदम उसळलं. भुवया उंचावल्या: तेच, जरा कमी. स्नायूंचा संकेत २० च्या वर पसरतो आणि डोक्यावरच्या इलेक्ट्रोडपर्यंत सहज पोचतो. खरी बीटा लहर वारंवारता वाढेल तशी बारीक होत जाते, स्नायूंचा कचरा तसा उतरत नाही. म्हणून ५५ ते ९० हर्ट्झची पहारेकरी पट्टी ठेवली. मेंदूचं तिथे फारसं काही नसतं, ती वर गेली की तो सेकंद स्नायूंचा समजायचा.

चिंता असलेला माणूस कपाळ, जबडा आणि खांदे आवळून बसतो हे उघड आहे. त्याचा 'हाय बीटा' सरावाने उतरला तर त्यातला मोठा वाटा कपाळ सैल झाल्याचा असू शकतो. हे वाईट नाही. कपाळ सैल करायला शिकणं हाही एक जुना, धड सराव आहे आणि त्याला पेस्ट, १०-२०, काही लागत नाही. पण त्याला मेंदूचं प्रशिक्षण म्हणून दाखवायचं नाही. अहवालात दोन आलेख शेजारी छापायचे ठरलं: हाय बीटा आणि कपाळाचा स्नायू. दोन्ही हातात हात घालून उतरले तर श्रेय कपाळाला.

पापणी मिटल्याचा धक्का १०० मायक्रोव्होल्टच्या पुढे जातो, तो ४ हर्ट्झच्या खाली दिसतो. तेवढा अर्धा सेकंद बक्षीस गोठवायचं, शून्य करायचं नाही. शून्य केलं तर माणूस पापण्या रोखून धरतो आणि दहा मिनिटांत डोळे चुरचुरतात.

१५ जुलै

पातळी ठरवणं. सुरुवातीला २ मिनिटं डोळे उघडे, २ मिनिटं मिटलेले, नुसतं मोजायचं. त्यातून अल्फाची पातळी ३५ व्या शततमकावर ठेवली, म्हणजे ६५ टक्के वेळ ती ओलांडली जाते. हाय बीटाची ८५ व्या शततमकावर. दोन्ही अटी एकदम लावल्या की बक्षीस ०.६५ गुणिले ०.८५, म्हणजे साधारण ५५ टक्के. ४० च्या खाली गेलं की माणूस वैतागतो, ८० च्या वर गेलं की शिकण्यासारखं काही उरत नाही.

आपोआप सरकणारी पातळी काढून टाकली. सॉफ्टवेअर दर मिनिटाला पातळी जुळवून घेत असेल तर बक्षीस कायम ६५ टक्केच दिसतं. माणूस झोपला तरी, फोन बघत असला तरी. तयार संचांच्या स्क्रीनवर हा आकडा स्थिर पाहून लोक समाधान मानतात. पातळी एका बैठकीपुरती पक्की.

अल्फाची पट्टी सगळ्यांना ८ ते १२ नाही. ज्याचं शिखर ९ वर आहे त्याची ७ ते ११. शिखर मिटलेल्या डोळ्यांच्या २ मिनिटांतून काढायचं.

आवाज: अल्फासाठी तानपुऱ्याचा सूर, अल्फा वाढला की मोठा. सी४ साठी बारीक घंटी. अट अर्धा सेकंद टिकली की एक नाद, मग दोन सेकंद काहीच नाही. सलग टणटण वाजवली तर बक्षिसाचा मान जातो.

सहभागींना सांगायचं वाक्य चार वेळा बदललं. शेवटी हे: "सूर मोठा करायला जाऊ नका. तो आपोआप मोठा झाला तेव्हा काय चाललं होतं, तेवढं पाहा." प्रयत्न केला की अल्फा पडतो, त्यामुळे 'सूर वाढवा' असं सांगणं म्हणजे पायावर धोंडा.

बैठक: ४ मिनिटांचे ५ भाग, मध्ये १ मिनिट. आठवड्यात २. दुपारची वेळ नको. जेवणानंतर अल्फाच्या सरावात लोक झोपतात, अल्फा विरून थीटा ही पेंगेतली संथ लहर चढते आणि सूर बंद पडतो. दुपारी १ ते ४ पुण्यात तशीही कोणती कामं होतात म्हणा.

२२ जुलै

पाऊस. दोन चॅनेल अगदी तंतोतंत सारखे, सीझेड आणि सी४. केस ओले होते, पाण्याने दोन इलेक्ट्रोड एकमेकांना जोडले गेले. रोधाचे आकडे उत्तम दाखवतात, म्हणून फसायला होतं. आता सुरुवातीला दोन चॅनेलमधला फरक काढायचा. तो सपाट रेघ निघाला तर केस कोरडे करून पुन्हा लावायचं.

हेल्मेट काढून थेट खुर्चीत बसणाऱ्यांच्या कपाळाला घाम असतो. घामामुळे रेघ हळूहळू लाटेसारखी वरखाली होते. १५ मिनिटं पंख्याखाली बसवायचं आणि सराव सुरू करताना तोच पंखा बंद. पंख्याने वायरी हलतात आणि हललेली वायर डेल्टा या अतिसंथ लहरीसारखी दिसते. वायरींची सैल वेणी घालून खांद्यावर टेप लावला.

४ ऑगस्ट

संध्याकाळच्या ६:३० च्या बैठका रद्द. नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झालाय. खिडक्या लावल्या तरी ढोल छातीत वाजतो, आणि ताशाच्या प्रत्येक तडतडीला अल्फा तुटतो. यंदा गणपती २७ ऑगस्टला, तोवर बैठका सकाळी ७ ला. सकाळी एक नवा घोळ: काहीजण दोन कप चहा घेऊन, काही उपाशी. कॅफिनने अल्फा दबतो. नियम: बैठकीआधी दोन तास चहा-कॉफी नाही, पोटात काहीतरी हवं. चहाच्या नियमाला खोबरेल तेलापेक्षा जास्त विरोध झाला.

१८ ऑगस्ट

खोटा सराव. हा भाग नसेल तर वरची सगळी मेहनत फुकट, कारण शांत खोलीत, कोणीतरी आपुलकीने डोक्याला हात लावून, अर्धा तास तानपुरा ऐकवला तर चिंता कमी होणारच. २०१७ मध्ये 'ब्रेन' या नियतकालिकात निद्रानाशावरचा असा अभ्यास आला. १२ ते १५ हर्ट्झचा खरा सराव आणि खोटा सराव, दोन्हींनी लोकांना सारखंच बरं वाटलं.

आमची रीत: निम्म्या सहभागींच्या बैठकांत सूर दुसऱ्याच माणसाच्या जुन्या नोंदीवरून वाजतो. पण नुसतं तसं केलं तर उघडं पडतं. सहभागी डोळे मिचकावून पाहतो आणि सूर थांबत नाही म्हणजे खोटं, हे त्याला कळतं. म्हणून पापणी आणि स्नायूंमुळे होणारी गोठवण खोट्या सरावातही त्याच्या स्वतःच्या डोक्यावरूनच येते. कोणाला काय हे संगणक ठरवतो, यादी बंद पाकिटात, इलेक्ट्रोड लावणाऱ्याला माहीत नाही. शेवटी प्रत्येकाला विचारायचं: तुमचा सराव खरा होता की खोटा, काय वाटतं? न्यूरोफीडबॅकच्या अभ्यासांसाठीच्या २०२० च्या क्रेड-एनएफ या तपासयादीत अशा बऱ्याच गोष्टी नीट मांडल्या आहेत, तिची छापील प्रत टेबलावर ठेवली.

छातीवर श्वासाचा पट्टा वाढवला. काहीजण नकळत मिनिटाला ६ श्वासांवर येतात. त्या संथ लयीत हृदयाचे ठोके श्वासाबरोबर वरखाली होऊ लागतात आणि मन त्यानेच निवतं. तेव्हा श्वासाची लय न मोजता अल्फाला श्रेय देता येत नाही.

८ सप्टेंबर

विसर्जन आटोपलं, बैठका पुन्हा संध्याकाळी.

नवा भाग: शेवटची ४ मिनिटं सूर नाही, काहीच नाही, फक्त "मघाचंच चालू ठेवा". घरी, ऑफिसात, सिग्नलला तानपुरा नसतो. सुराशिवाय अल्फा टिकत नसेल तर शिकलेलं खुर्चीतच राहिलं. या ४ मिनिटांचा आकडा यापुढे मुख्य, सरावाच्या २० मिनिटांचा दुय्यम.

एका सहभागीला डोळे मिटून शांत बसलं की धडधड वाढते. असं काही जणांत होतं. त्याचा अल्फाचा सराव थांबवून डोळे उघडे ठेवून सी४ वर वळवलं. पुढच्या बैठकीतही तसंच झालं तर बंद करून समुपदेशकाकडे.

बैठकीनंतर डोकं जड होणं, चिडचिड, पेंग यांचा रकाना तक्त्यात घातला. रकाना नसेल तर कोणी सांगत नाही.

राहिलेली कामं: कानाची क्लिप दोन मागवणे (एकीची स्प्रिंग सैल), सी४ ची वायर कपाच्या मानेशी संशयास्पद, मीटरवर हलवून पाहणे. कप कोमट पाण्यात भिजवून मऊ ब्रशने धुणे. परवा कोणीतरी तारेच्या घासणीने घासलेत, दोघांचा मुलामा गेलाय आणि त्यांची रेघ आता सरकते. ते दोन बाद. सेल ४ नवीन.